पिकअपमधला 'गॅस' : सीएनजी आणि प्रोपेन कसे शिकवावेत?



आपल्या वर्गात अशी चार-दोन मुलं असतातच, ज्यांच्या घरी पिकअप आहे. कुणाचे बाबा पहाटे भाजी घेऊन मार्केट यार्डला जातात, कुणाचे काका दिवसभर भाडी मारतात. डिझेल-पेट्रोलचा खर्च परवडेना की त्या घरात एक चर्चा हमखास सुरू होते : "गाडीला गॅस किट बसवून घ्यायचं का?" इकडे दहावीच्या 'कार्बनी संयुगे' या पाठात मिथेन, प्रोपेन, ब्युटेन ही नावं मुलं पाठ करतात. घरातली चर्चा आणि पुस्तकातली नावं यांची गाठ मात्र पडत नाही. ती घालून देण्यासाठी हा पाठ.

पहिली अडचण शब्दाचीच. आपण दोन्हींना 'गॅस' म्हणतो. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन : एक कार्बन, चार हायड्रोजन, रेणुभार १६. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. प्रोपेनचा रेणुभार ४४, ब्युटेनचा ५८. हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९. हे चार आकडे आधी फळ्यावर लिहा. पुढचं बरंचसं त्यांतूनच निघतं.

मिथेन हवेपेक्षा हलका, म्हणून गळला की वर जातो. प्रोपेन जड, म्हणून तो खाली उतरतो आणि जमिनीलगत पसरतो. गाडीच्या फरशीवर, गॅरेजच्या खड्ड्यात, गटारात तो साचून राहतो. हे वर्गात दाखवायचं तर प्रोपेन आणायची काहीच गरज नाही (आणूही नका!). कार्बन डायऑक्साइडचा रेणुभारसुद्धा ४४ आहे, म्हणजे वजनाच्या बाबतीत तो प्रोपेनचा जुळा भाऊच. एका पसरट भांड्यात एक आखूड आणि एक उंच अशा दोन मेणबत्त्या लावा. जगमध्ये खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा. फेस बसला की जग हळूच तिरका करून फक्त 'हवा' भांड्यात ओता, पाणी सांडू देऊ नका. आधी आखूड मेणबत्ती विझते, मग उंच. न दिसणारा वायू पाण्यासारखा तळापासून भरत येतो हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. मग सांगा, की इथे ज्योत विझली, प्रोपेन असता तर ती पेटवणारी ठिणगी ठरली असती. हवेत शंभरात साधारण दोन भाग प्रोपेन झाला तरी मिश्रण पेट घेऊ शकतं. मिथेनला त्यासाठी पाच भाग लागतात.

आता टाकीकडे वळू. सीएनजीचं सिलिंडर जाड पोलादी आणि भलतंच जड असतं. एलपीजीची टाकी त्या मानाने पातळ पत्र्याची. असं का? मुलं म्हणतात, "सीएनजीचा दाब जास्त असतो म्हणून." बरोबर, पण दाब जास्त का ठेवावा लागतो? खरी गंमत इथे आहे.

कुठलाही वायू दाबून द्रव करायचा तर त्याचं तापमान एका ठरावीक मर्यादेच्या खाली असावं लागतं. तिला क्रांतिक तापमान म्हणतात. प्रोपेनचं क्रांतिक तापमान सुमारे ९७ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातही तो मर्यादेच्या बराच खाली असतो. म्हणून मोटारीच्या चाकात असते त्याच्या काही पट दाबातच त्याचा द्रव होतो. मिथेनचं क्रांतिक तापमान उणे ८२ अंशांच्या आसपास! नेहमीच्या हवामानात तुम्ही त्याला कितीही दाबा, तो द्रव होणार नाही. मग एकच उपाय उरतो, वायू म्हणूनच कोंबून भरणे. हा दाब २०० बार, म्हणजे वातावरणाच्या जवळपास दोनशेपट.

दाबल्याशिवाय चाललं नसतं का? चालवून पाहिलंय लोकांनी. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा काही गाड्यांच्या टपावर कापडी पिशवी बांधून त्यात कोळशापासून केलेला वायू भरत. पिशवी जवळजवळ गाडीएवढी, अंतर मात्र थोडंच कापलं जायचं. बॉइलचा नियम शिकवताना हे चित्र फळ्यावर जरूर काढा.

त्याच नियमाने एक गणितही सोडवता येतं. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला किती वायू मावेल? साध्या दाबाला १२,००० लिटर, म्हणजे १२ घनमीटर. एका घनमीटर मिथेनचं वजन साधारण ०.६८ किलो, म्हणजे उत्तर आलं आठ किलोच्या थोडं वर. पंपावर मात्र अशा सिलिंडरमध्ये नऊ-साडेनऊ किलोपर्यंत वायू जातो. मुलं म्हणतील, नियम चुकला! नियम आदर्श वायूसाठी आहे. इतक्या दाबाला मिथेनचे रेणू एकमेकांना ओढतात आणि अपेक्षेपेक्षा जास्त मावतात. पुस्तकातला 'आदर्श वायू' आणि रस्त्यावरचा वायू यांतला हा साधारण किलोभराचा फरक गाडीवाल्याच्या फायद्याचा आहे.

तोट्याची बाजूही आहे. असं रिकामं पोलादी सिलिंडर पन्नास-साठ किलोंचं असतं. दोन बसवली तर शंभरेक किलो गेले. टोमॅटोचा भरलेला क्रेट वीस किलोंचा धरला, तर प्रत्येक खेपेला पाच-सहा क्रेट कमी. घरात हा हिशेब बहुधा कुणी मांडत नाही.

इंजिनाबद्दल पालक हमखास एक प्रश्न विचारतात : "आमची पिकअप डिझेलची आहे, किट बसेल का?" साधं उत्तर : पेट्रोलच्या गाडीला बसतं तसं बसणार नाही. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी असते. ठिणगी असली की पेट्रोलच्या जागी मिथेन किंवा प्रोपेन पेटवता येतो. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. तिथे हवा दाबून इतकी तापवतात की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. डिझेल २१० अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतं, मिथेनला त्यासाठी सुमारे ५४० अंश लागतात. ठिणगीशिवाय तो वेळेवर पेटेल याची खात्री नाही. म्हणजे डिझेल इंजिनात मुळातून बदल करायचे, नाहीतर इंजिनच बदलायचं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये बीएस-सहा गाड्यांसाठी परवानगी दिली, तीही याच धर्तीवर आहे. पेट्रोल गाड्यांना सीएनजी-एलपीजी किट, आणि साडेतीन टनांखालच्या डिझेल गाड्यांना इंजिन बदलून गॅसचं इंजिन. तेव्हा कुणी "डिझेल पिकअपला दोन तासांत किट बसवून देतो" म्हणालं, तर आधी त्याला ठिणगी कुठून आणणार ते विचारा.

"गॅसवर गाडी ओढत नाही" ही तक्रार खरी आहे आणि तिचं कारण रासायनिक समीकरणातच आहे. मिथेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. हवेत ऑक्सिजन पाचव्या हिश्शाइतका, म्हणून एका भागाला साडेनऊ भाग हवा. म्हणजे सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या मिश्रणाचा जवळजवळ दहावा हिस्सा वायूनेच अडवला आणि तेवढी हवा कमी झाली. प्रोपेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे पाच लागतात, म्हणजे सुमारे चोवीस भाग हवा. तो चार टक्केच जागा अडवतो. भरलेली पिकअप घाट चढताना हा फरक ड्रायव्हरच्या पायाला कळतो.

जाता जाता एक गोष्ट. अमेरिकेत पिकअपसाठी मिळणारा प्रोपेन नव्वद टक्क्यांहून शुद्ध असतो, आपल्याकडे मिश्रण चालतं. कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळतो, त्याखालच्या थंडीत त्याची वाफच नीट होत नाही. आपल्याकडच्या थंडीत ती अडचण येत नाही.

आता ज्या कारणासाठी हा पाठ पालकांनीही वाचावा असं वाटतं, त्याकडे येतो. शाळेच्या व्हॅनमध्ये किंवा छोट्या पिकअपमध्ये घरगुती सिलिंडरमधला गॅस मोटर लावून भरण्याचे प्रकार अजून होतात. ते बेकायदा तर आहेच, पण धोका नेमका कशात आहे ते समजून घ्या. अधिकृत पंपावर एलपीजीची टाकी ८० टक्केच भरली जाते, तिथे झडप आपोआप बंद होते. वरची मोकळी जागा द्रवाला उन्हात फुगायला ठेवलेली असते. टाकी काठोकाठ भरली तर फुगणारा द्रव जाणार कुठे? द्रव दबत नाही, त्यामुळे दाब एकदम चढतो. शिवाय भरताना गळलेला वायू खालीच साचतो, जिथे मुलांची दप्तरं आणि पाय असतात.

सीएनजीच्या गाडीत पाहायची गोष्ट वेगळी. सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी सक्तीची आहे आणि तारीख पट्टीवर लिहिलेली असते. स्फोटकांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेची मान्यता असलेल्या केंद्रातच ही तपासणी व्हावी लागते. या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. तपासणीत सिलिंडरमध्ये पाणी भरून कामाच्या दाबाच्या दीडपटीहून जास्त दाब देतात. पाणीच का? पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. सिलिंडर फाटलंच तर पाणी गळून जातं, तुकडे उडत नाहीत. हवा भरून तपासलं असतं तर तपासणीच स्फोट ठरली असती. पंपावर गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरवतात, तेही याच साठलेल्या ऊर्जेमुळे.

दोन्ही वायूंना स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो. वास आला की गाडी थांबवून इंजिन बंद, मुलं बाहेर, दारं सगळी उघडी, टाकीची झडप बंद. स्विच, मोबाईल, काडी काहीही नको. आणि किट आरसी बुकावर चढवलंय का, विमा कंपनीला कळवलंय का, हे व्हॅनवाल्या काकांना विचारायला संकोच करू नका.

गृहपाठ म्हणून आठवीच्या मुलांना एक उदाहरण द्या. किटचा खर्च ६०,००० रुपये धरा, दर किलोमीटरला बचत ३ रुपये. पैसे किती किलोमीटरनंतर वसूल होतील? वीस हजार, हे सगळे सांगतील. मग पुढचा भाग द्या : आठवड्यातून तीन वेळा पंपावरच्या रांगेत एकेक तास जातो आणि त्या तासात २०० रुपयांचं भाडं बुडतं, आठवड्याला गाडी ५०० किलोमीटर चालते. आता किती? आकडे मी कल्पनेने घेतलेत. खरे दर मुलांनी पंपावरून आणि घरून विचारून आणावेत.