संगणकाची प्रारंभ-स्मृती

शाळेतील संगणक सुरू होताना अडखळू लागला, म्हणजे तो निकामी ठरवून कपाटात ठेवला जातो. पुष्कळदा दोष अल्पच असतो. प्रारंभीची मांडणी व घड्याळ मदरबोर्डवरील एका लहान स्मृतीत असतात. १९८४ च्या आयबीएम एटी संगणकात अशी स्मृती होती. वीज बंद असताना ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल तिला आधार देतो. आज तो बहुधा सीआर २०३२ असतो. ही मांडणी बिघडली, तर ती पुसून पूर्ववत करणे हाच उपाय होय.

प्रथम जुनी मांडणी वहीत उतरवून घ्यावी. मेजावरील संगणक बंद करून वीजजोडणी काढावी. पेटी उघडून तिच्या धातूस हात लावावा, सेल अलगद काढावा आणि सुमारे ५ मिनिटांनी अधिक चिन्हाची बाजू पूर्वीप्रमाणे ठेवून बसवावा. दिनांक वरचेवर मागे जात असल्यास नवा सेल घालावा. नंतर मांडणी, दिनांक व वेळ भरावी. दिनांक चुकल्यास अनेक संकेतस्थळे उघडत नाहीत.

हार्ड डिस्कवरील विद्यार्थ्यांच्या नोंदी याने पुसल्या जात नाहीत. मात्र सेल मुलांपासून दूर ठेवावा. तो गिळल्यास प्राणावर बेतते.