घटक ६ : गोपनीय शासकीय कागदपत्रांचे प्रकाशन आणि प्रकाशकावरील खटला

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• शासकीय गुपित फोडणारा, ते मिळवणारा आणि ते प्रसिद्ध करणारा यांच्या भूमिकांतील फरक स्पष्ट करता येईल.
• ‘पेंटागॉन पेपर्स’ प्रकरणातील निकालाचा नेमका अर्थ व त्याची मर्यादा सांगता येईल.
• भारतातील शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ आणि माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यांच्यातील ताण समजून घेता येईल.
• प्रकाशकावर खटला भरावा की नाही, याविषयी स्वतःचे मत साधार मांडता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण बातमीचे स्रोत आणि स्रोतांची विश्वसनीयता यांचा परिचय करून घेतला. या घटकात त्याच विषयाचे एक अवघड टोक आपण पाहणार आहोत. आपण एका वृत्तपत्राचे संपादक आहात, अशी कल्पना करा. एका सायंकाळी एक अधिकारी आपल्या मेजावर ‘गोपनीय’ असा शिक्का असलेली फाईल आणून ठेवतो. शासन जनतेला जे सांगत आले त्याच्या नेमके उलटे शासनाला ठाऊक होते, असे त्या फायलीवरून दिसते. आपण ती छापाल काय? आणि छापली, तर आपणांस तुरुंगात पाठवणे न्याय्य ठरेल काय?

पहिला प्रश्न संपादकाच्या विवेकाचा आहे, दुसरा कायद्याचा. अनेक निबंधांत या दोन प्रश्नांची गल्लत होते. एखादी गोष्ट छापणे अनुचित होते असे म्हणणे वेगळे आणि ती छापणे हा गुन्हा होता असे म्हणणे वेगळे. हा भेद मनाशी ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ तीन व्यक्ती, तीन भूमिका

गुपित बाहेर येते तेव्हा साधारणतः तीन व्यक्ती गुंतलेल्या असतात. पहिली व्यक्ती शासकीय सेवेतील असते. तिने गोपनीयतेचे बंधन स्वतः स्वीकारलेले असते, आणि ते मोडल्यास तिचे उत्तरदायित्व उघड आहे. दुसरी व्यक्ती ते गुपित परकीय सत्तेला पोचवते. तिचा हेतू शत्रूला मदत करण्याचा असतो आणि तिचे काम लपूनछपून चालते. तिसरी व्यक्ती म्हणजे प्रकाशक. त्याने शासनाला कसलेही वचन दिलेले नसते आणि त्याचे काम उघड्यावर, स्वतःच्या नावानिशी चालते. हेर आणि संपादक दोघांच्याही हाती तोच कागद असू शकतो. परंतु हेर तो जनतेपासून लपवतो, तर संपादक तो जनतेपुढे ठेवतो. अनेक देशांतील कायदे जुन्या काळी हेरांना डोळ्यांसमोर ठेवून झाले आणि पुढे तेच संपादकांना लावले गेले. आपल्या वादाचे मूळ येथे आहे.

६.२.२ ‘पेंटागॉन पेपर्स’ : निकाल आणि त्याची मर्यादा

अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी १९६७ साली व्हिएतनाममधील अमेरिकेच्या सहभागाचा गोपनीय इतिहास लिहवून घेतला. सुमारे सात हजार पृष्ठांचा हा अहवाल ४७ खंडांत होता. युद्धाची व्याप्ती वाढवली जात असताना जनतेला आणि संसदेला वेगळेच चित्र दाखवले जात होते, हे त्यातून स्पष्ट होत होते. या अहवालाच्या कामात सहभागी असलेले डॅनियल एल्सबर्ग यांनी त्याच्या प्रती काढल्या. त्यांनी त्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या हाती दिल्या, आणि १३ जून १९७१ रोजी पहिला भाग प्रसिद्ध झाला.

शासनाने न्यायालयात धाव घेतली आणि १५ जून रोजी तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. एखाद्या मोठ्या वृत्तपत्राचे प्रकाशन राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून न्यायालयाकरवी थांबवण्याची अमेरिकेच्या इतिहासात ही अपूर्व घटना होती. त्यानंतर ‘वॉशिंग्टन पोस्ट’नेही तोच मजकूर छापण्यास आरंभ केला. ३० जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. प्रकाशनापूर्वीच बंदी घालायची तर शासनाने फार मोठा पुरावा द्यायला हवा आणि तो दिला गेलेला नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालाचा अर्थ ‘गुपित छापण्याची मोकळीक’ असा लावला जातो. तो अपुरा आहे. न्यायालयापुढे प्रश्न पूर्वप्रतिबंधाचा होता, म्हणजे छापण्याआधी थांबवता येईल काय, एवढाच. छापल्यानंतर शिक्षा करता येईल काय, हा प्रश्न अनिर्णित राहिला. बहुमतात असलेल्या न्यायमूर्ती व्हाइट यांनी तर मनाईहुकूम नाकारला तरी फौजदारी कारवाईचा मार्ग बंद होत नाही, असे सूचित केले होते. प्रत्यक्षात वृत्तपत्रांवर खटला झाला नाही. एल्सबर्ग यांच्यावर मात्र झाला, आणि सर्व आरोप सिद्ध झाले असते तर त्यांना एकशे पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकली असती. शासनाच्या माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या कार्यालयात घरफोडी केल्याचे उघड झाले. शासनाच्या अशा गैरवर्तनामुळे मे १९७३ मध्ये न्यायाधीशांनी तो खटलाच रद्द केला.

आणखी एक तपशील लक्षात ठेवा. वाटाघाटींविषयीचे खंड एल्सबर्ग यांनी वृत्तपत्रांना दिले नव्हते. शांततेच्या प्रयत्नांना बाधा येऊ नये, हा त्यांचा हेतू होता. गुपित फोडणारा माणूसही काय द्यावे आणि काय राखावे याचा विचार करू शकतो, हे त्यावरून दिसते.

६.२.३ खटल्याच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद

विरुद्ध बाजू दुबळी करून मांडणे हा निबंधलेखनातील मोठा दोष होय. म्हणून ती तिच्या पूर्ण बळानिशी पाहू.

पहिला मुद्दा : संपादकाला कोणी निवडून दिले? काय गुप्त ठेवावे हे ठरवण्याचा अधिकार लोकशाहीत निर्वाचित शासनाला आहे. शासन चुकले तर संसद आहे, न्यायालय आहे, निवडणूक आहे. संपादकाला उत्तर विचारणारे कोण?

दुसरा मुद्दा : काही गुपिते खरोखरच माणसांच्या जिवाशी निगडित असतात. जून १९४२ मध्ये मिडवेच्या नाविक लढाईनंतर ‘शिकागो ट्रिब्यून’ने एक बातमी छापली. जपानी आरमाराची योजना अमेरिकेला आधीच कळली होती, हे तीवरून चाणाक्ष वाचकाला उमगले असते. जपानी सांकेतिक लिपी उलगडल्याचे ते अप्रत्यक्ष प्रकटीकरणच होते. शत्रूने ती लिपी तातडीने बदलली असती, तर हजारो सैनिकांच्या जिवावर बेतले असते.

तिसरा मुद्दा : चोरीचा माल घेणारा चोरीसाठी प्रोत्साहन देतो. फुटलेले गुपित छापणाऱ्याला काहीच धोका नसेल, तर गुपिते फुटतच राहतील.

६.२.४ विरोधी युक्तिवाद

आता या मुद्द्यांची छाननी करू. ‘संपादकाला कोणी निवडले?’ या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे. निवडणुकीतून शासनाला जाब विचारायचा, तर शासनाने काय केले हे मतदाराला ठाऊक असावे लागते. जे लपवले गेले त्याविषयी मत कसे द्यायचे? शासनच गुपित ठरवणार, शासनच आरोपी ठरवणार आणि त्या गुपितात शासनाचीच चूक दडलेली असणार, ही स्थिती निवाड्याच्या मूलतत्त्वाशी विसंगत आहे.

शिकागोच्या प्रकरणाचा शेवटही पाहण्यासारखा आहे. शासनाने प्रकरण महाज्यूरीपुढे नेले. परंतु हानी सिद्ध करायची तर लिपी उलगडल्याचे न्यायालयात सांगावे लागले असते, आणि ते नौदलाला नको होते. परिणामी आरोपपत्र दाखल झाले नाही. गुपित जितके खरे, तितका त्याच्यासाठी चालवलेला खटला ते अधिक उघडे पाडणारा. खटला सुलभ असतो तो बहुधा त्याच गुपितांबाबत, ज्यांच्या प्रकटीकरणाने देशाची नव्हे तर केवळ सत्ताधाऱ्यांची अडचण होते.

चोरीच्या मालाची उपमाही पूर्णतः लागू पडत नाही. चोरीची वस्तू मालकाकडून जाते, तर शासकीय कागद शासनाकडेही राहतो. शिवाय तो कागद जनतेच्या वतीने आणि जनतेच्या पैशाने तयार झालेला असतो.

अलीकडच्या काळात हा वाद ‘विकिलीक्स’चे ज्युलियन असांज यांच्या निमित्ताने पुन्हा पेटला. २०१९ साली त्यांच्यावर अमेरिकेच्या १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्याखाली आरोप ठेवले गेले. २०११ मध्ये या संस्थेने नावे न गाळता राजनैतिक तारा प्रसिद्ध केल्या, तेव्हा तिच्यासोबत काम केलेल्या वृत्तपत्रांनीच तिचा निषेध केला होता. मात्र २०२२ मध्ये त्याच पाच वृत्तपत्रांनी हा खटला मागे घ्यावा, अशी मागणी केली. यात विसंगती नाही. ‘कृत्य अनुचित होते’ आणि ‘कृत्य गुन्हा ठरू नये’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. जून २०२४ मध्ये असांज यांनी एका आरोपाची कबुली दिली आणि भोगलेला कारावास पुरेसा मानून त्यांची सुटका झाली. त्यामुळे या प्रश्नावर वरिष्ठ न्यायालयाचा निर्णय झालाच नाही.

६.२.५ भारतातील स्थिती

आपल्याकडील शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ हा ब्रिटिश राजवटीतील कायदा आहे. त्याचे कलम ३ हेरगिरीविषयी, तर कलम ५ गोपनीय माहिती अनधिकृतपणे देण्याविषयी आहे. कलम ५ केवळ देणाऱ्यापुरते थांबत नाही. माहिती नियमबाह्य रीतीने आली आहे हे जाणूनही ती स्वेच्छेने घेणाराही दोषी ठरू शकतो, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते. ‘गुपित’ म्हणजे नेमके काय, याची स्पष्ट व्याख्या या कायद्यात नाही. प्रकटीकरण लोकहिताचे होते, असा बचावही त्यात नमूद नाही.

या संदिग्धतेची किंमत पत्रकार इफ्तिखार गिलानी यांनी मोजली. जून २००२ मध्ये त्यांना या कायद्याखाली अटक झाली. त्यांच्याकडे सापडलेला मजकूर आधीच प्रसिद्ध झालेला होता. तरीही जानेवारी २००३ मध्ये शासनाने खटला मागे घेईपर्यंत, सुमारे सात महिने, ते तुरुंगात राहिले. शिक्षा झाली नाही तरी प्रक्रियाच शिक्षा होऊ शकते, हे यातून दिसते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ने चित्र काही अंशी बदलले. त्याच्या कलम ८(२) नुसार, संरक्षित हितसंबंधांना होणाऱ्या हानीपेक्षा लोकहित मोठे असेल, तर १९२३ च्या कायद्याचा अडसर न मानता माहिती देता येते. मात्र ही तरतूद माहिती मागणाऱ्यासाठी आहे. फुटलेली माहिती छापणाऱ्याला ती थेट संरक्षण देत नाही. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ साली १९२३ चा अधिनियम रद्द करण्याची शिफारस केली, तथापि तो आजही अस्तित्वात आहे.

राफेल विमान खरेदीविषयीची कागदपत्रे ‘द हिंदू’ने २०१९ मध्ये छापली, तेव्हा ती चोरीची असल्याने न्यायालयाने विचारात घेऊ नयेत, असा आक्षेप शासनाने घेतला. १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला आणि तसे करताना पेंटागॉन पेपर्सच्या निकालाचा आधार घेतला. गोपनीय शिक्क्याच्या कागदांचे प्रकाशन रोखण्याचा अधिकार कार्यकारी मंडळाला देणारी तरतूद या कायद्यात नाही, असे न्यायालयाने नमूद केले. पुढे नोव्हेंबरमध्ये मूळ पुनर्विलोकन याचिका फेटाळल्या गेल्या, हेही ध्यानात घ्यावे. कागद छापण्याचा हक्क आणि त्या कागदातून निघणारा निष्कर्ष खरा असणे, या स्वतंत्र बाबी आहेत.

मराठी पत्रकारितेचा एक जुना धडा येथे स्मरतो. कोल्हापूर संस्थानच्या कारभारी बर्वे यांच्या नावावरील पत्रांच्या आधारे ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी टीका केली. ती पत्रे बनावट निघाली, आणि १८८२ साली अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना कारावास भोगावा लागला. आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुस्तकच लिहिले. तो खटला शासकीय गुपिताचा नव्हता. परंतु हाती आलेल्या कागदाची सत्यता पारखणे हे संपादकाचे पहिले कर्तव्य होय, हे त्यातून कायमचे शिकण्यासारखे आहे.

६.२.६ निकष

वरील चर्चेतून पुढील भूमिका घेता येते. केवळ ‘गोपनीय’ शिक्क्याचा कागद छापला म्हणून प्रकाशकावर खटला होऊ नये. खटला अपवादात्मकच असावा आणि त्यासाठी शासनाने पुढील बाबी सिद्ध कराव्यात :

१. प्रकटीकरणामुळे निश्चित, गंभीर आणि नजीकची हानी झाली किंवा होणार होती. केवळ शासनाची नाचक्की नव्हे.
२. प्रकाशकाला त्या हानीची जाणीव होती, तरीही त्याने ती टाळण्याची काळजी घेतली नाही.
३. हानीच्या तुलनेत लोकहिताचा लाभ नगण्य होता.

या निकषांवर सैन्याच्या हालचालीचा वेळ-ठिकाण छापणारा दोषी ठरू शकेल. युद्धाविषयी जनतेची दिशाभूल झाली हे छापणारा ठरणार नाही. प्रकाशकाने कागद स्वतः चोरला किंवा चोरीस पैसे देऊन प्रवृत्त केले, तर त्या कृत्याचा विचार सामान्य कायद्याने स्वतंत्रपणे व्हावा. आपणांस हे निकष अपुरे वाटल्यास त्यांत भर घालावी, मात्र प्रत्येक भर उदाहरणावर पारखून घ्यावी.

६.३ सारांश

गुपित फोडणारा, हेर आणि प्रकाशक यांच्या भूमिका भिन्न आहेत. १९७१ च्या निकालाने पूर्वप्रतिबंध नाकारला. प्रकाशनोत्तर शिक्षेचा प्रश्न मोकळा ठेवला. भारतात १९२३ चा कायदा संदिग्ध व व्यापक आहे. २००५ चा कायदा आणि २०१९ चा निकाल यांनी त्याची धार काहीशी बोथट केली. प्रकाशकाचे स्वातंत्र्य व्यापक असावे आणि त्याची जबाबदारीही तितकीच जाणीवपूर्वक निभावली जावी.

६.४ पारिभाषिक शब्द

पूर्वप्रतिबंध : मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वीच त्यावर घातलेली बंदी.
महाज्यूरी : आरोपपत्र ठेवण्याइतका पुरावा आहे काय, हे ठरवणारे अमेरिकेतील नागरिकांचे मंडळ.
लोकहिताचा बचाव : कृत्य जनतेच्या व्यापक हितासाठी केले, असा आरोपीने केलेला प्रतिवाद.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. पेंटागॉन पेपर्सचा पहिला भाग केव्हा प्रसिद्ध झाला?
२. माहिती स्वेच्छेने घेणाऱ्यालाही दोषी ठरवू शकणारे १९२३ च्या अधिनियमातील कलम कोणते?

उत्तरे : १. १३ जून १९७१ रोजी. २. कलम ५.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘संपादकाला कोणी निवडून दिले?’ या आक्षेपाचे दोन्ही बाजूंनी परीक्षण करा.
२. आरंभी कल्पिलेली फाईल आपल्या मेजावर आहे. ती छापण्यापूर्वी आपण कोणत्या पाच गोष्टी तपासाल? सुमारे ३०० शब्दांत लिहा.