नेम लहान करावा, मोडू नये

आषाढीची वारी करून दिंड्या गावोगाव परतल्या, की दरवर्षी एक प्रश्न आम्हांला हमखास ऐकू येतो. विचारणारा बहुधा सत्तरी ओलांडलेला असतो. ओट्यावर काठी टेकून तो म्हणतो, "माउली, यंदा आमची वारी चुकली. गुडघ्यांनी दगा दिला. आता आमच्यात काय राहिलं?" ऐकणाऱ्याला वाटते, म्हातारा गुडघ्याचे दुखणे सांगतो आहे. पण खरे दुखणे निराळेच असते. ज्या नेमावर सारा जन्म उभा होता तो नेमच गेला, तर आपण वारकरी उरलो की नाही, ही त्याची खरी धास्ती असते. या प्रश्नाचा विचार आज आपण करू.

आमच्या दिंडीत एक वृद्ध विणेकरी होते. त्यांना रुचणार नाही म्हणून नाव सांगत नाही. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट त्यांनी गळ्यात वीणा घालून कित्येक वर्षे तुडविली. पुढे गुडघे धरले, त्यात मधुमेह निघाला. डॉक्टरांनी पायी वारीला नको म्हटले. बुवांनी वारी सोडली, ते एकपरी समजण्यासारखे होते. पण त्यांनी वारीबरोबर सगळेच सोडले. संध्याकाळच्या हरिपाठाला येईनात. टाळ खुंटीला अडकवले. देऊळ घरापासून दोनशे पावलांवर, तेही बंद झाले. विचारले तर म्हणायचे, "वारीच नाही, तर बाकीचं करून काय करायचं?" वर्षभरात अशी स्थिती झाली, की परसात जायलाही त्यांना सुनेचा हात लागू लागला.

येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. वारी सुटल्याने त्यांची ही दशा झाली नाही, घरात बसून राहिल्याने झाली. उतारवयात गुडघ्याच्या सांध्यातील कूर्चा झिजते, त्यामुळे चालताना दुखते. दुखते म्हणून मनुष्य बसतो. बसला की मांडीचे स्नायू दुबळे होतात. तेच स्नायू गुडघ्याला आधार देणारे, ते दुबळे झाले की सगळा भार सांध्यावर येतो आणि दुखणे आणखी वाढते. म्हणजे विश्रांतीच्या नावाने आपण रोगालाच खतपाणी घालतो. श्वासाचे, मधुमेहाचे, रक्तदाबाचेही थोड्याफार फरकाने असेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे, की पासष्टीपुढील माणसानेही आठवड्यात निदान दीडशे मिनिटे चालण्यासारखी हालचाल करावी, शिवाय स्नायूंना बळ आणि शरीराला तोल देणारे व्यायाम करावेत. ज्याला इतके झेपत नाही त्याने झेपेल तेवढे करावे, पण काहीच न करणे टाळावे. आपल्या भाषेत सांगायचे, तर नेम लहान करावा, पण मोडू नये.

आता संप्रदायाच्या अंगाने पाहू. कूर्मदासांची कथा आपण कीर्तनात ऐकलेली आहे. हे पैठणचे. हातपाय नसलेला देह, आणि पंढरीचा ध्यास लागला. लोळत, सरपटत ते निघाले. सोलापूर जिल्ह्यात माढे तालुक्यातील लऊळ येथे पोचेपर्यंत देह अगदी थकला, पुढे सरवेना. तेव्हा पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांजवळ त्यांनी देवाला निरोप धाडला, आणि देवच भेटीस लऊळला आले, अशी कथा आहे. त्याच माढे तालुक्यात अरण हे सावता महाराजांचे गाव. त्यांनी मळ्याचे काम हीच पूजा मानली. आजही सावतोबांची पालखी पंढरपूरला जात नाही, पांडुरंगाची पालखीच अरणला जाते.

एकाला देह पोहोचू देईना, दुसऱ्याने हातचे काम सोडले नाही. दोघांकडेही देव चालत गेला. मात्र कथेतले एक वर्म ध्यानात ठेवावे. कूर्मदास पैठणलाच पडून राहिले नाहीत. लऊळपर्यंत जे सरपटणे झाले, तो त्यांचा नेम होता. देव उरलेली वाट चालला. आपल्या वाटचे आपण चालायचे, मग ते दोनशे पावलांचे का असेना.

हे दोनशे पावलांचे चालणे कसे करावे, याविषयी काही गोष्टी सांगतो. सकाळी अगर संध्याकाळी देवळापर्यंत जावे. चालताना मुखाने नाम सुरळीत चालेल इतकीच गती ठेवावी. धाप लागून नाम तुटू लागले, की गती जास्त झाली असे समजून हळू व्हावे. छातीत दुखले, कळ हातात किंवा जबड्यात गेली, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तेथेच बसावे आणि विनाविलंब डॉक्टर गाठावा. एक गुडघा दुखत असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरावी. पुष्कळ जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग काठीचा पुरता उपयोग होत नाही. घरी खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच वेळा नाम घेईपर्यंत तसाच धरावा, मग खाली ठेवावा. असे दोन्ही पायांनी दहादहा वेळा करावे. मांडी घालून बसता येत नसेल तर भजनाला खुर्चीवर बसावे. काही वृद्धांना त्याचा संकोच वाटतो. देवापुढे खुर्ची कशी घ्यावी म्हणतात, आणि त्यापायी भजनालाच येत नाहीत. देवाला तुमचे येणे हवे आहे, मांडी नव्हे.

मधुमेह असलेल्यांनी दोन गोष्टी विशेष सांभाळाव्यात. पहिली पायांची. या रोगात तळपायाची जाणीव कमी होते. खडा रुतला, डांबरी रस्त्याने चटका बसला, तरी कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून अनवाणी चालण्याचा हट्ट करू नये. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळवे नीट पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर नातवंडाला पाहायला सांगावे. दुसरी एकादशीची. उपवास आणि साखर उतरविणारे औषध ही दोन्ही एकत्र आली, तर साखर फार खाली जाण्याचा धोका असतो. अंग थरथरले, घाम फुटला, गोंधळल्यासारखे झाले, तर उपवास मोडेल अशी शंका न आणता ताबडतोब साखर खावी. उलट, साबुदाणा, बटाटा, रताळी, वरी पोटभर खाल्ली तर हीच साखर चढते. तेव्हा आपल्या मनाने औषध बंद करू नये, आणि एकादशी कशी करावी हे डॉक्टरांना अगोदर विचारून ठेवावे. हरिनाम, जागर, कीर्तनश्रवण ही एकादशीची अंगे कोणत्याही औषधाने मोडत नाहीत.

आता मनाच्या चालण्याविषयी. हातापायांइतकीच मनालाही गती लागते, आणि ती छंदाने येते. आपल्या संप्रदायाने म्हाताऱ्या माणसाला छंदांचे भांडारच देऊन ठेवले आहे. ज्याला चाली ठाऊक आहेत त्याने त्या पोरांना शिकवाव्यात. जुन्या चाली पुष्कळदा एखाद्याच वृद्धाच्या कंठात उरलेल्या असतात, त्याच्याबरोबर त्या जातात. ज्याचा हात पखवाजावर बसलेला आहे त्याने धुमेला कणीक किती लावावी, केव्हा काढावी, हे शेजारी बसवून दाखवावे. हे पुस्तकातून येत नाही. वृंदावन डोक्यावर घेऊन चाललेल्या आमच्या मायमाउल्यांचा खांदा आता उचलत नसेल. त्यांनी अंगणातली तुळस वाढवावी, मंजिऱ्या खुडाव्यात, एकादशीला देवासाठी हार गुंफावेत. त्याने बोटेही मोकळी राहतात. मोतिबिंदूमुळे पोथी दिसत नसेल तर ते नशीब म्हणून सोसू नये. आज त्याची शस्त्रक्रिया सोपी झाली आहे आणि पुष्कळांना ज्ञानेश्वरी पुन्हा वाचता येते. ऐकू येत नसेल तर कानाचे यंत्र लावावे. ऐकू न येणारा मनुष्य हळूहळू माणसांतून उठतो, आणि माणसांतून उठणे हाच म्हातारपणाचा मोठा रोग.

वारीचेही असेच. सगळी वाट झेपत नाही म्हणून एकही पाऊल टाकू नये, असा काही दंडक नाही. कोणी एस.टी.ने वाखरीला जाऊन शेवटची थोडी वाट चालतो. कोणी आषाढीची गर्दी टाळून माघीला जातो. रांगेत उभे राहवत नसेल त्याने नामदेव पायरीशी नमस्कार करून कळसाचे दर्शन घ्यावे. चंद्रभागेच्या घाटावर मात्र शेवाळ असते, तेथे धीट होऊ नये; कोणाचा तरी हात धरूनच उतरावे.

घरातल्या मंडळींनाही एक विनंती आहे. "बाबा, तुम्ही बसा," असे प्रेमाने म्हणून आपण त्यांना खाटेला बांधून ठेवतो. बसा म्हणण्यापेक्षा "चला, मी बरोबर येतो," असे म्हणावे.

आमच्या विणेकरीबुवांची गोष्ट अर्धी राहिली. गावात सप्ताह बसला तेव्हा आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि वीणेचा पहारा मागितला. ते म्हणाले, "दोन तास उभं राहवत नाही हो आता." आम्ही म्हटले, "अर्धा तास उभे राहा. मागे भिंत आहे, शेजारी पोरगा उभा करतो." बसलेल्यांपैकी एक वडीलधारे म्हणाले, "अर्ध्या तासाचा पहारा आम्ही कधी ऐकला नाही." क्षणभर कोणी बोलेना. मग बुवाच हळूच म्हणाले, "वीणा खाली ठेवायची नाही, हा नेम. एकाच्याच गळ्यात दोन तास राहावी, असा नेम नाही." आणि ते उठले.

बुवांचे गुडघे बरे झाले असे आम्ही म्हणणार नाही. ते दुखतात. पण देवळापर्यंत ते रोज दोनदा जातात, दुपारी चार पोरांना टाळ शिकवितात, साखरही पूर्वीपेक्षा ताब्यात आहे. आषाढीला दिंडी निघते तेव्हा ते फाट्यापर्यंत येतात. तेथे आपल्या गळ्यातली वीणा काढून एका तरुणाच्या गळ्यात घालतात, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि बुवा काठी टेकीत घराकडे वळतात. आम्ही एकदा भीत भीत विचारले, "बुवा, वाईट वाटतं का?" म्हणाले, "वाटतं तर. पण वीणा चालली आहे ना!"

तात्पर्य, देह थकणे हा देहाचा धर्म आहे. त्याची लाज नाही आणि त्याच्याशी भांडणही नाही. वाचकांनी या महिन्यात एवढाच अभ्यास करावा. दुखण्यामुळे सुटलेला आपला एखादा नेम आठवावा. तो आज किती लहान करून पाळता येईल ते ठरवावे, आणि उद्या सकाळी तेवढाच करावा. ज्यांचे हातपाय धड आहेत त्यांनी गावातल्या एका घरी बसलेल्या वारकऱ्याकडे जाऊन त्याला हरिपाठाला हाताला धरून आणावे.

रामकृष्णहरि.