बालकांचा हनुविकास आणि मुखाकृती : वैद्याचे कर्तव्य

उपनगरांतील आपल्या चिकित्सालयांत, मग ते बोरिवलीत असो वा मुलुंडमध्ये, तीन ते सात वर्षे वयाची बालके प्रामुख्याने प्रतिश्याय, कास व तुण्डिकेरी यांसाठी येतात. दातांचा विषय पालक काढतात तो बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षी. मुलगी हसताना ओठांवर हात ठेवू लागते, मुलगा छायाचित्र काढू देत नाही, तेव्हा. या दोन टप्प्यांमधील काळात जबड्याची बरीच वाढ होऊन गेलेली असते. म्हणूनच हा विषय केवळ दंतवैद्यकाचा नसून बालकास प्रथम पाहणाऱ्या वैद्याचाही आहे.

शास्त्रविचार

काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानात ‘दन्तजन्मिक’ हा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात दंतजन्माचे सामुद्ग, संवृत, विवृत व दन्तसंपत् असे चार प्रकार वर्णिले आहेत. पैकी विवृत प्रकारात ओठ दात झाकू शकत नाहीत व लाळ गळत राहते. पुढे आलेले दात आणि उघडे राहणारे तोंड यांच्याशी हे वर्णन जुळते. वाग्भटाने वेडेवाकडे येणारे दात ‘कराल’ या नावाने सांगितले आहेत.

वाढीचा क्रम

दुधाचे दात साधारण सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात व अडीच ते तीन वर्षांपर्यंत 20 दात पूर्ण होतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते. सहा ते बारा या काळात दुधाचे व कायमचे दात तोंडात एकत्र असतात. टाळूच्या मध्यरेषेवरील सांधा या वयात पक्का जुळलेला नसल्याने अरुंद वरचा जबडा रुंद करणे सुलभ असते. पुढे ते कठीण होत जाते. खालच्या जबड्याची वाढ त्यामानाने उशिरापर्यंत, किशोरवयातही चालू राहते.

हेतू

जबड्याच्या ठेवणीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. त्याखेरीज चौथ्या वर्षानंतरही टिकलेली अंगठा चोखण्याची सवय पुढील दात बाहेर ढकलते व वरच्या-खालच्या दातांत फट पाडते. दुधाची दाढ किडून अकाली काढावी लागली, तर शेजारची दाढ पुढे सरकते व कायमच्या दातास जागा उरत नाही. नाकामागील ॲडिनॉइड ग्रंथी वाढल्याने सतत तोंडाने श्वास घेणाऱ्या बालकांत लांबट चेहरा व अरुंद टाळू अधिक आढळतात. तथापि तोंडाने श्वास घेणाऱ्या प्रत्येक बालकाचा चेहरा बदलतोच, असे म्हणता येत नाही.

उपचारांची शक्ती व मर्यादा

ऑर्थोडॉन्टिक उपचारात तारांनी दात सरकवले जातात. पुढील दात मागे गेल्यास ओठ सहज मिटतात आणि चेहऱ्याची बाजूची रेषा सुधारते. वाढीच्या वयातील विशिष्ट उपकरणांनी खालचा जबडा पुढे आणता येतो. मात्र यातील मोठा भाग दात सरकल्याचा असतो, हाडाची वाढ मर्यादित असते. पुढे आलेल्या दातांवर सात-आठ वर्षांच्या वयात केलेल्या उपचाराचा मुख्य लाभ म्हणजे पडल्यावर दात तुटण्याचे प्रमाण घटते. अंतिम मुखाकृती किशोरवयात उपचार केलेल्या मुलांसारखीच राहते. दाढा उलट्या बसत असतील किंवा खालचे दात वरच्यांच्या पुढे असतील, तर मात्र थांबू नये. जबड्यांतील मोठी तफावत वाढ संपल्यावर शस्त्रकर्मानेच सुधारते. जीभ टाळूस दाबून जबडा घडवण्याची जी पद्धत समाजमाध्यमांतून ‘म्यूइंग’ नावाने पसरली आहे, तिला विश्वसनीय पुरावा नाही.

वैद्य व औषधविक्रेते यांनी काय करावे

बालक कोणत्याही तक्रारीसाठी आले तरी पाच गोष्टी पाहाव्यात : बसलेले असताना ओठ मिटतात का, झोपेत घोरते का, अंगठा चोखते का, दुधाच्या दाढा किडल्या आहेत का, दात मिटल्यावर खालचा जबडा एका बाजूस सरकतो का. घोरणे व झोपेत श्वास अडखळणे आढळल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवण्यास विलंब करू नये. नस्याचा मोह होतो. परंतु वाग्भटाने सात वर्षांखाली नस्य व पाच वर्षांखाली कवल निषिद्ध सांगितले आहेत. प्रतिमर्श सर्व वयांत सांगितला असला, तरी लहान बालकात तेल श्वासमार्गात जाण्याचा धोका ध्यानी घ्यावा.

औषधविक्रेत्यांसाठी एक सूचना महत्त्वाची. अवलेह, पाक व गोड सिरप रात्री दात घासल्यानंतर देऊ नयेत, हे ग्राहकास आवर्जून सांगावे. तीच साखर दुधाच्या दाढा किडवते. तारा बसवलेल्या मुलांनी ऊस व चिक्की टाळावी. गंडूष हा ब्रशला पर्याय नव्हे, हेही सांगावे.

सातव्या वर्षापर्यंत एकदा ऑर्थोडॉन्टिक तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. खासगी खर्च न झेपणाऱ्या कुटुंबांसाठी मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय रुग्णालय व सीएसएमटीजवळील शासकीय दंत महाविद्यालय हे पर्याय आहेत. अंधेरी-बोरिवलीहून पहिले, घाटकोपर-मुलुंडहून दुसरे गाठणे सोयीचे. उपचार दीड-दोन वर्षे चालतात व साधारण दरमहा खेप करावी लागते, याची कल्पना पालकांस आधीच द्यावी.

वाकडे दात औषधाने सरळ होत नाहीत, हे आपण निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. परंतु योग्य वयात बालकाच्या मुखाकडे लक्ष देणे आणि त्यास योग्य हाती सोपवणे, हेही चिकित्सेचेच अंग आहे.