मैद्याविना चीज-टोमॅटो डिप

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला येणाऱ्या तिच्या एका मैत्रिणीला सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लुटेन न चालणारा आजार) आहे. तिलाही खाता येईल असं एखादं सोपं डिप सांगाल का?

उत्तर : चार पिकलेले टोमॅटो बारीक चिरून चमचाभर तेलात लसूण-मिरचीवर परता. पाणी पुरतं आटू द्या. इथे घाई केली की डिप पातळ होतं आणि हात मैद्याच्या डब्याकडे जातो! मग गॅस अगदी मंद करून 200 ग्रॅम किसलेलं प्रोसेस्ड चीज थोडं थोडं घाला. उकळी येऊ देऊ नका. फार घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध. मीठ शेवटी, चाखूनच.

खरी मेख हिंगात आहे. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, म्हणून इथे हिंग नकोच. तयार मसाल्यांचं लेबलही वाचा; भारतात ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. सोबत काकडी, गाजर, तांदळाचे पापड द्या. पुऱ्यांच्या तेलात मात्र ते पापड तळू नका. आणि तिची वाटी आधीच वेगळी काढून ठेवा, कारण मोठ्या वाडग्यात कुणीतरी ब्रेड बुडवतोच.