नाल्याकाठचे गोखरू : ओळख आणि सावधगिरी

सेवाग्रामच्या परिसरात पावसाळा सुरू झाला की नाल्यांच्या काठी नानाविध वनस्पती उगवतात. तरोटा, घोळ यांसारख्या रानभाज्या येथील आहारात पूर्वीपासून आहेत. वर्धा येथील वास्तव्यात महात्मा गांधींनी १९३५ साली ‘हरिजन’मधून हिरव्या पाल्याचे आहारमूल्य विशद केले होते. तथापि, रानातील पाला चुलीवर चढण्यापूर्वी त्याची निश्चित ओळख पटणे अगत्याचे असते.

केवळ स्थानिक नावावर विसंबणे धोक्याचे ठरते. ‘गोखरू’ या एकाच नावाने दोन भिन्न वनस्पती ओळखल्या जातात. औषधी गोखरू, म्हणजेच सराटा, कोरड्या जमिनीवर पसरतो. त्याची पाने हरभऱ्यासारखी, फुले पिवळी व पाच पाकळ्यांची असतात. नाल्याकाठचे गोखरू मात्र उभे वाढते. ग्रंथांतून त्यास ‘शंखेश्वर’ म्हटले आहे. त्याची पाने रुंद, खरखरीत व दातेरी असून खोडावर जांभळट ठिपके दिसतात. आकडेदार काट्यांची फळे कपड्यांना व जनावरांच्या केसांना चिकटतात.

खरा धोका कोवळ्या रोपात असतो. बी रुजल्यावर प्रथम येणारी दोन दले लांबट, जाड व गुळगुळीत असतात. पुढील खरखरीत पानांशी त्यांचे साम्य नसते. बियांत व या दलांत तीव्र विष असते. जनावरांनाही ते घातक आहे. बांगलादेशातील सिल्हेट भागात नोव्हेंबर २००७ मध्ये पुरानंतरच्या टंचाईत लोकांनी ही रोपे भाजी म्हणून खाल्ली. ७६ जणांना बाधा झाली व त्यांपैकी १९ जण दगावले.

अनोळखी वनस्पती चाखून पाहणे हा ओळखीचा मार्ग नव्हे. पाने, फूल व फळ यांसह फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावी. सोबत स्थळ, दिनांक, उंची, फुलाचा रंग व स्थानिक नाव नोंदवावे. असा नमुना महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागास अथवा भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील केंद्रास दाखविता येतो.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना रोप व वाढलेले झाड शेजारी ठेवून फरक समजावून द्यावा. ग्रामपंचायतींनी पाणवठ्याजवळील रोपे फळे धरण्यापूर्वीच उपटून टाकावीत. पाला खाल्ल्यानंतर वांत्या अथवा गुंगी आल्यास रुग्णास उरलेल्या पाल्यासह तत्काळ रुग्णालयात न्यावे; त्या पाल्यावरून वैद्यकास विषाचा उलगडा होण्यास साहाय्य होते.