आर्किटेक्ट व्हायचंय? आधी घर बघा

‘चित्रकला बरी आहे, गणितही जमतं, मग आर्किटेक्चरला घालू का?’ असं विचारणाऱ्या पालकांना मी उलट विचारते, तुमची मुलगी घराकडे, झाडाकडे, पावसाकडे नीट बघते का? कारण रेघ मारायला कॉलेजात शिकवतात. बघायची सवय मात्र घरातून यावी लागते.

आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचंच उदाहरण घ्या. ते १९२७ साली पुण्यात जन्मले. आजोबांचा फर्निचरचा कारखाना होता, त्यामुळे लाकूड आणि कारागीर रोजच्या नजरेतले. कुटुंब वाढेल तसं आजोबांचं घरही वाढत गेलं, कधी मजला चढला, कधी जिना. हा मुलगा पुढे मुंबईच्या जे. जे.त शिकला, पॅरिसला आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएंच्या हाताखाली घडला. पण इंदूरची ‘अरण्य’ वसाहत आखताना पुण्याचं ते घरच उपयोगी पडलं असणार, असं मला ठामपणे वाटतं. तिथे गरीब कुटुंबांना जोतं, संडास, पाणी एवढं तयार दिलं. पुढचं घर ज्याचं त्याने पैसे जमतील तसं वाढवायचं. अहमदाबादच्या त्यांच्या ‘संगत’ या कार्यालयाचा काही भाग जमिनीखाली आहे. वरच्या कमानदार छतांवर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे बसवले आहेत, म्हणजे ऊन परतवलं जातं आणि आतला गारवा टिकतो. २०१८ साली आर्किटेक्चरचा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय.

म्हणून सुट्टीत ‘नाटा’ या प्रवेश परीक्षेच्या क्लासइतकाच वेळ या बघण्याच्या सवयीला द्या. मुलांच्या हाती टेप द्या, राहतं घर मोजून कागदावर उतरवू द्या. पंखा बंद केल्यावर वारा कुठून येतो? कोकणातल्या घराचं छप्पर इतकं उतरतं का असतं? उत्तर त्यांनाच शोधू द्या.

आता व्यवहाराचं. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवंच. प्रवेश नाटा किंवा जेईई मेनच्या आर्किटेक्चर पेपरवर, अभ्यासक्रम ५ वर्षांचा. सबमिशनच्या रात्री जागून जातात आणि सुरुवातीचा पगार बहुधा बेताचा असतो; हे मुलांपासून लपवू नका. पदवीनंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी केल्याशिवाय, १९७२च्या कायद्यानुसार, नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावता येत नाही. त्यामुळे फी भरण्याआधी कॉलेजला कौन्सिलची मान्यता आहे का, हे स्वतः तपासून घ्या.